हस्तकला आणि हातमाग मेळ्याला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असे मेळे कुठे आणि कधी भरतात?

सीझन म्हणाल तर दिवाळीच्या आधीपासून साधारण मार्चपर्यंत, कारण पावसाळ्यात मैदानात कापड मांडून बसणं कुणालाच परवडत नाही. सगळ्यात मोठा म्हणजे हरियाणात फरिदाबादजवळचा सूरजकुंड मेळा, १९८७ पासून चालू आहे, फेब्रुवारीत असतो. दिल्लीला आयएनए भागातलं दिल्ली हाट १९९४ मध्ये सुरू झालं, ते वर्षभर चालू असतं पण कारागीर साधारण पंधरवड्याने बदलतात, म्हणजे मागच्या महिन्यात दिसलेला स्टॉल या महिन्यात असेलच असं नाही. आपल्याकडे पुण्याची भीमथडी जत्रा आहे, मुंबईत बचत गटांचं महालक्ष्मी सरस असतं, शिवाय केंद्राच्या हस्तकला विभागाच्या मदतीने गांधी शिल्प बाजार वेगवेगळ्या शहरांत भरतात, त्यांची जाहिरात फार नसते म्हणून लक्ष ठेवावं लागतं. आणि ७ ऑगस्टच्या आसपास हातमाग दिनानिमित्त प्रदर्शनं असतात. तो दिवस निवडला कारण १९०५ मध्ये ७ ऑगस्टला कलकत्त्यात स्वदेशी चळवळ जाहीर झाली होती.

कोणत्या दिवशी जावं?

सुट्टी नसलेल्या दिवशी, उघडल्या उघडल्या. रविवारी संध्याकाळी गेलात तर तुम्ही फक्त गर्दी बघून याल. सकाळी कारागिराला पण वेळ असतो, तो चार साड्या उलगडून दाखवतो, बोलतो, आणि मेळ्याची खरी मजा त्या बोलण्यातच आहे. दुसरं म्हणजे रंग दिवसाच्या उजेडात बघता येतात, संध्याकाळी पिवळ्या दिव्यांखाली सगळंच सोनेरी दिसतं आणि घरी आल्यावर मोरपंखी समजून घेतलेली साडी साधी हिरवी निघते.

शेवटच्या दिवशी स्वस्त मिळतं हे थोडंफार खरं आहे, माल परत न्यायचा खर्च वाचतो म्हणून काही जण कमी करतात, पण तोवर चांगले पीस गेलेले असतात.

बरोबर काय न्यावं?

कापडी पिशवी, पाणी, आरामशीर चपला. थोडी कॅश ठेवाच, यूपीआय सगळ्यांकडे असतं पण हजारो लोक एका मैदानात आले की नेटवर्क झोपतं. ब्लाउज पीस मॅच करायचं असेल तर साडीच न्या, फोटोवरून रंग जुळत नाही. पडदे, चादर, भिंतीवरचं चित्र असलं काही घ्यायचं असेल तर मापं आधीच लिहून घ्या.

स्टॉलवर बसलेला माणूस खरा कारागीर आहे की व्यापारी, हे कसं कळणार?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. मेळ्यात दोघंही असतात. व्यापारी असणं काही गुन्हा नाही, कित्येक व्यापारी पिढ्यानपिढ्या विणकरांबरोबर काम करतात आणि माल ओळखतात, पण तुम्ही मेळ्यात जाता ते करणाऱ्या माणसाला भेटायला, नाहीतर दुकानं आहेतच की.

एक म्हणजे स्टॉलवरचा माल बघा. एकाच टेबलावर लखनवी चिकन, बांधणी, कलमकारी आणि पश्मिना शाल असेल तर तो करणारा नाही, विकणारा आहे. कारागिराच्या स्टॉलवर एकच काम असतं, फार तर दोन. दुसरं म्हणजे विचारा. हे कसं केलं, किती दिवस लागले, रंग कशाचा, घरात अजून कोण करतं. करणाऱ्याला या प्रश्नांनी आनंद होतो, त्याचे हात हलायला लागतात, तो मोबाईलमध्ये मागाचे व्हिडिओ दाखवतो. विकणारा म्हणतो "प्युअर आहे मॅडम, एकदम प्युअर" आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. केंद्र सरकारचं पहचान कार्ड हस्तकलेच्या कारागिरांना मिळतं, तेही बऱ्याच जणांकडे असतं, नम्रपणे विचारलंत तर दाखवतात. पण मी कार्डापेक्षा बोलण्यावर जास्त विश्वास ठेवते.

हातमागाचं कापड आणि पॉवरलूमचं कापड यात फरक कसा ओळखायचा?

एकाच खुणेवर जाऊ नका, तीन-चार एकत्र बघा.

कापडाच्या दोन्ही कडा बघा आधी. हातमागावर विणताना कापड आडवं ताणून धरण्यासाठी पट्टी लावतात, तिच्या टोकाच्या सुयांची बारीक भोकं कडेला ठराविक अंतराने दिसतात. मग उजेडासमोर धरा, विण अगदी किंचित कमी-जास्त दिसेल, कुठे एखादा धागा जाड, कुठे गाठ. हा दोष नाही, माणसाने ठोकलेल्या फणीचा जोर दर वेळी सारखा नसतो एवढंच. आणि मग उलटी बाजू, सगळ्यात जास्त तीच सांगते. जामदानीत किंवा बनारसच्या कढुआ कामात प्रत्येक बुट्टी वेगळ्या धाग्याने तिथल्या तिथे विणलेली असते म्हणून मागे लोंबणारे धागे नसतात. मशीनच्या नकलेत धागा एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत तसाच ओढलेला असतो आणि मग कापून टाकतात, मागून हात फिरवला की टोचतं. अर्थात बनारसमध्येच हातमागावर कापलेल्या धाग्यांचं कामही होतं, ते स्वस्त असतं, म्हणून म्हटलं एकाच खुणेवर जाऊ नका.

लेबलपैकी हँडलूम मार्क २००६ पासून आहे आणि इंडिया हँडलूम ब्रँड २०१५ पासून. लेबल असलं तर छान, पण लेबल नाही म्हणजे खोटं असं अजिबात नाही, लहान विणकर त्या कागदपत्रांच्या भानगडीत पडतातच असं नाही. खादीचं वेगळं आहे, तिथे सूत पण हाताने कातलेलं आणि कापड पण हाताने विणलेलं लागतं, नुसतं जाडंभरडं कापड म्हणजे खादी नव्हे, आणि खादीसाठी खादी मार्क आहे.

पैठणी घ्यायची आहे, फसवणूक होऊ नये म्हणून काय बघू?

पदर उलटा करा. येवला-पैठणच्या हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया (छोटे पोपट), आसावली (फुलांची वेल), अजंठ्याचं कमळ हे सगळं वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्यांनी एकेक धागा मोजून विणतात, त्यामुळे पदर मागूनही जवळपास पुढच्यासारखाच दिसतो. सेमी पैठणीत, म्हणजे पैठणीसारख्या दिसणाऱ्या स्वस्त नकलेत, मागे धाग्यांचं जाळं दिसतं किंवा कापलेले धागे दिसतात. सेमी घेऊ नका असं मी म्हणणार नाही, रोजच्या समारंभाला छान दिसते, फक्त सेमी म्हणून आणि सेमीच्या भावात घ्या. दोन-तीन हजारात कुणी "प्युअर सिल्क हातमाग पैठणी" म्हणत असेल तर ते शक्य नाही, तेवढ्यात रेशमाचा आणि मजुरीचा खर्चच निघत नाही.

जरीबद्दल पण स्पष्ट विचारा. चांदीवर सोन्याचा मुलामा असलेली खरी जर आता अगदी महागड्या साड्यांतच असते, बहुतेक पैठण्यांत टेस्टेड जर, म्हणजे चांदीऐवजी तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली, असते आणि त्यात काही वाईट नाही, पण विकणाऱ्याने तसं सांगायला हवं. अजून एक, धूपछाव रंगाच्या साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, ती हलवून बघा, दोन्ही रंग आळीपाळीने दिसतात. ही गंमत प्रत्यक्षच बघायची, फोटोत येत नाही.

आणि पैठणीच्या नादात आपल्या बाकीच्या कापडांकडे दुर्लक्ष करू नका. विदर्भातली टसरची करवतकाठी, जिच्या काठावर करवतीसारखे दाते असतात, संभाजीनगरचं हिमरू, सोलापूरची चादर, शेजारच्या कर्नाटकातून येणारी इरकल आणि गुळेदगुड्डचा खण. करवतकाठी विणणारे आता खूप कमी उरलेत, दिसली तर निदान थांबून बघा तरी.

सिल्क खरं आहे हे कसं बघायचं? धागा जाळून बघू का?

स्टॉलवर काडी पेटवू नका, आजूबाजूला सगळं कापडच असतं! सिल्क मार्कचं लेबल बघा, केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये सुरू केलंय, होलोग्राम आणि नंबर असतो. ते नसेल तर पदराच्या टोकाचे दोन-तीन धागे मागून घ्या आणि घरी जाळून बघा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो, कापूस आणि रेयॉनला कागद जळल्याचा वास येतो. धागे द्यायला जो तयार असतो त्याचा माल बहुतेक वेळा खराच असतो.

ब्लॉक प्रिंट, अजरख, दाबू, कलमकारी… सगळं सारखंच दिसतं हो!

सुरुवातीला दिसतं, मग दिसेनासं होतं 🙂

ठशाचं काम ओळखायला ठशाचा जोड शोधा. एक ठसा उचलून दुसरा टेकवला की कुठेतरी रेष केसभर सरकते, कुठे रंग थोडा जास्त बसतो. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा असतो त्यामुळे बाह्यरेषा आणि आतला रंग कधी कधी किंचित हललेला दिसतो. स्क्रीन प्रिंटमध्ये सगळं एकसारखं असतं, आणि डिजिटल प्रिंट उलटी केली की मागे पांढरी फटक.

अजरखबद्दल थोडं जास्त सांगते कारण मला ते कापड फार आवडतं. कच्छमधले खत्री लोक पिढ्यानपिढ्या हे करतात, निळीचा निळा आणि मंजिष्ठ वगैरेचा लाल. एका कापडावर धुणं, हिरड्यात बुडवणं, डिंक आणि चुन्याने काही भाग झाकणं, छापणं, नीळ देणं, परत धुणं असे डझनभरापेक्षा जास्त टप्पे होतात आणि मध्ये मध्ये ते उन्हात वाळवावं लागतं, म्हणजे हवामान बिघडलं की काम थांबलं. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं, रंग नीट बसेना, म्हणून बऱ्याच कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवीनच गाव वसवलं. पाणी बदललं की रंग बदलतो, इतकं हे काम पाण्याशी बांधलेलं आहे. जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंनी छापतात, तसं मिळालं तर हातात घेऊन बघाच.

दाबू म्हणजे राजस्थानातलं चिखल लावून छापलेलं, त्यात कापडावर बारीक तडे गेल्यासारख्या रेषा येतात. कलमकारीचे दोन प्रकार आहेत, श्रीकालहस्तीची हाताने कलमाने काढलेली आणि मछलीपट्टणमची ठशांची, दोन्ही आंध्रातल्या, पण भावात खूप फरक, म्हणून कुठली ते विचारा. कलमकारीतला काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून करतात आणि कापड हिरडा नि दुधात भिजवतात, त्यामुळे नव्या कापडाला एक वास असतो. तो वास आला तर घाबरू नका, धुतल्यावर जातो.

इकत आणि पटोला?

इकतमध्ये कापड विणायच्या आधी धागेच बांधून रंगवतात, म्हणून नक्षीच्या कडा थोड्या पिसाऱ्यासारख्या पसरलेल्या दिसतात. तेलंगणाची पोचमपल्ली, ओडिशाची संबलपुरी ही त्यातलीच. पाटणच्या पटोल्यात उभे आणि आडवे दोन्ही धागे आधी रंगवून जुळवतात, एका साडीला कित्येक महिने लागतात आणि किंमत लाखांत जाते. मेळ्यात पाच-दहा हजाराला "पटोला" मिळतो तो बहुतेक राजकोटचा, एकाच बाजूच्या धाग्यांचा, तोही सुंदरच असतो. फक्त पाटणचा म्हणून घेऊ नका.

पश्मिना हजार रुपयात कशी काय मिळते?

मिळत नाही. ती व्हिस्कोस (एक कृत्रिम धागा) किंवा साध्या लोकरीची शाल असते. खरी पश्मिना लडाखच्या चांगथांगमधल्या बकऱ्यांच्या पोटाकडच्या मऊ लोकरीची, तंतू १२ ते १६ मायक्रॉनचा, चरख्यावर हाताने काततात. अंगठीतून शाल ओढून दाखवतात त्यावर जाऊ नका, पातळ व्हिस्कोस पण अंगठीतून जातं. काश्मीर पश्मिनाला जीआय (भौगोलिक ओळखीचा टॅग, त्याबद्दल पुढे सांगते) आहे आणि तपासणी करून लेबल लावतात, महागडी घेणार असाल तर लेबलवालीच घ्या. आणि कुणी हळू आवाजात "शाहतूश" दाखवली तर सरळ पुढे जा. तिबेटी काळवीट मारून ती लोकर मिळवतात, आणि ती विकणं-बाळगणं दोन्ही गुन्हा आहे. हस्तिदंताचंही तसंच.

जीआय टॅग म्हणजे क्वालिटीची गॅरंटी का?

तशी नाही. जीआय सांगतो की ही वस्तू अमुक भागाची ओळख आहे आणि ते नाव त्या भागातल्या लोकांनीच वापरायचं. कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. पैठणी, वारली चित्र, सोलापुरी चादर यांना आहे, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळाला आणि त्यात महाराष्ट्रातले चार नि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, म्हणजे अथणीची माणसं करतात तीही कोल्हापुरीच, यावरून स्टॉलवर वाद घालू नका. तुमच्या हातातला पीस चांगला आहे की नाही ते मात्र तुम्हालाच बघायचंय.

भाव करावा का?

मला विचाराल तर कारागिराच्या स्टॉलवर घासाघीस करू नये. दोन-तीन वस्तू घेताय तर "दादा, सगळं मिळून काही कमी होईल का" एवढं विचारणं ठीक, तो स्वतःहून पन्नास-शंभर सोडतो. पण दोन हजाराच्या साडीला "हजारला द्या" म्हणणं मला खरंच पटत नाही. साडीच्या किमतीत विणणाऱ्या माणसाबरोबर घरातल्या कितीतरी जणांची मजुरी असते, सूत उकलणं, कांड्या भरणं, ताणा लावणं ही कामं बहुतेक बायका करतात आणि त्यांचा हिशोब कुठे लिहिलेलाच नसतो. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले, त्यात बहुसंख्य बायका आहेत. शिवाय स्टॉलचं भाडं, गावाहून येण्याजाण्याचा खर्च, दहा-पंधरा दिवस माग बंद. परवडत नसेल तर छान आहे म्हणून सांगा आणि पुढे जा, त्याला वाईट वाटत नाही, हजारला मागितल्यावर वाटतं.

व्यापाऱ्याच्या स्टॉलवर करा की, तिथे किंमत लावतानाच ते धरलेलं असतं.

कापड सोडून अजून काय बघू?

खूप काही, पण माझा कल कापडाकडे आहे म्हणून थोडक्यात.

ढोकरा: बस्तर, ओडिशा, बंगाल. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या दोऱ्यांनी नक्षी, वरून परत माती, मग मेण वितळवून धातू ओततात आणि साचा फोडतात, म्हणून एकासारखी दुसरी नसते. मोहेंजोदडोची नर्तकी याच पद्धतीची. बिदरी: जस्त-तांब्याच्या काळ्या धातूत चांदीची तार, तो काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने येतो, घरी चिंच किंवा भांडी घासायची पावडर लावू नका, रंग जाईल, थोडं खोबरेल तेल पुसा. जयपूरची ब्लू पॉटरी मातीची नसतेच, गारगोटीची पूड आणि काचेची असते, दिसायला मजबूत पण आपटली की गेली, पेपरात नीट गुंडाळून घ्या. चन्नपट्टणची लाखेची खेळणी, आपल्या सावंतवाडीची लाकडी फळं आणि गोल गंजिफा पत्ते, पिंगुळीची चित्रकथी म्हणजे गोष्ट सांगणारी चित्रं. वारली चित्र घेताना चितारणाऱ्याला चित्रातली गोष्ट विचारा, लग्नाचा चौक असेल तर पालघट देवी दाखवायला सांगा, खरा चितारणारा दहा मिनिटं बोलत राहील. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांच्याबद्दलही तुम्हाला तो सांगेल.

रंग जाईल का? कसं धुवायचं?

पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडा जातो, खास करून निळीचा आणि लाल. निळीचं नवीन कापड अंगाला, बॅगेला पण लागतं काही दिवस. गार पाण्यात, वेगळं, रिठ्याने किंवा सौम्य साबणाने, सावलीत वाळवायचं, भिजत घालून विसरायचं नाही. मशीन नको. जरीची साडी ड्रायक्लीन, आणि ठेवताना मलमलच्या कपड्यात, तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळी घालायची नाहीतर घडीवर चिरते. जरीवर अत्तर मारू नका.

फोटो काढले तर चालतात?

विचारून. बरेच जण हो म्हणतात. डिझाइनचा जवळून फोटो मात्र बऱ्याच जणांना नको असतो, कारण तो फोटो दाखवून कुणीतरी स्क्रीन प्रिंट करून आणतं आणि पुढच्या वर्षी निम्म्या किमतीत शेजारीच विकतं. म्हणून नाही म्हटलं तर राग मानू नका.

मुलांना न्यावं का?

जरूर. जिथे चाक, माग किंवा ठसे मांडलेले असतात तिथे आधी न्या, खरेदी नंतर.

ऑर्डर देऊन करून घेता येतं का? नंतर परत त्याच माणसाकडून घ्यायचं असेल तर?

येतं, आणि मेळ्यातली सगळ्यात चांगली खरेदी बरेचदा हीच असते. नाव, गाव, फोन लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर तिथल्या तिथे हाय पाठवून ठेवा, कारण कार्ड हरवतं. रंग, लांबी, ब्लाउज पीस हवा की नको, अ‍ॅडव्हान्स किती, पार्सलचा खर्च कोणाचा हे सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवा म्हणजे दोघांनाही पुढे त्रास नाही. अ‍ॅडव्हान्स द्यायचाच, सूत आणायला त्यांना पैसे लागतात. तारीख विचारा पण त्यात महिनाभर वाढवून धरा, पाऊस लागला, घरात लग्न निघालं, सूत आलं नाही, असं होतंच, आणि दर चार दिवसांनी "झालं का" विचारू नका. लग्नासाठी हवी असेल तर निदान चार-पाच महिने आधी सांगा.

गावाला जायची संधी मिळाली तर तेही विचारून ठेवा, येवला, महेश्वर, अजरखपूर, ओडिशातलं रघुराजपूर इथे लोक घरात बोलवून माग आणि काम दाखवतात, फक्त जायच्या आधी फोन करा आणि त्यांचा सण किंवा शुक्रवारची नमाज वगैरे बघून वेळ ठरवा.

बिल मागावं का?

हो. महाग वस्तू असेल तर बिलावर "हातमाग", "प्युअर सिल्क", "टेस्टेड जर" असं जे काही सांगितलंय ते लिहून घ्या. ज्याने खरं सांगितलंय तो बिनदिक्कत लिहून देतो.